घरगुती जनित्र व त्याची निगा

कोंकणपट्टींत जून महिना जवळ आला म्हणजे कौलें परतणें, सरपण आंत घेणें, पन्हळी साफ करणें हीं कामें प्रत्येक घरीं न सांगतां होतात. या कामांत आणखी एकाची भर पडावी असें आम्हांस वाटतें, व तेंच या लेखाचें निमित्त आहे. ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या बाजूस नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, आणि कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. इन्व्हर्टरची बॅटरी ही कांहीं तासांची सोबतीण. अशा प्रसंगीं ती पहिल्याच रात्रीं संपते. अंधार एक वेळ सोसतां येतो. परंतु विहिरीवरचा पंप बंद पडला म्हणजे घरांत पाणी येत नाहीं, आणि ज्या घरीं मधुमेहाचा रोगी असेल तेथें इन्सुलिन थंड ठेवण्याची सोय राहत नाहीं.

या अनुभवानंतर पुष्कळ कुटुंबांनीं पेट्रोलवर चालणारें लहान जनित्र, ज्यास सर्व लोक जनरेटर म्हणतात तें, विकत घेतलें. पुढें २०२१ च्या मे महिन्यांत 'तौक्ते' वादळ कोंकण किनाऱ्याच्या बाजूनें उत्तरेकडे गेलें, तेव्हां हीं यंत्रें अडगळींतून बाहेर निघालीं. आणि आमच्या परिचयाच्या दोन-तीन घरीं तरी असें झालें कीं, दोरी ओढून ओढून माणसें थकलीं, पण यंत्र कांहीं सुरू होईना. यंत्र नवें, उभ्या आयुष्यांत दहा-पंधरा तास चाललेलें. झीज म्हणावी तर ती व्हावयास अवकाशच मिळाला नव्हता. मग तें बिघडलें कशानें?

घोडा कां अडला, पानें कां सडलीं, भाकरी कां करपली, या तिन्ही प्रश्नांस 'न फिरविल्यामुळें' असें एकच उत्तर देणारी जुनी गोष्ट आमच्या बालवाचकांस ठाऊक आहेच. जनित्र कां चालेना, हा चौथा प्रश्न खुशाल त्यांच्या पंक्तीस बसवावा. मोटारीचें इंजिन चालून चालून झिजतें. अडीअडचणीसाठीं ठेवलेलें जनित्र पडून पडून नासतें. तें कसें, हें समजण्यास त्याची रचना थोडी पाहिली पाहिजे.

जनित्राचे दोन भाग असतात. एक इंजिन, तें मोटारसायकलच्या इंजिनासारखेंच. आणि दुसरा त्यास जोडलेला वीज उत्पन्न करणारा भाग. तारेच्या वेटोळ्यापुढें लोहचुंबक हालविला असतां वेटोळ्यांत वीज वाहूं लागते, हा शोध मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं लंडन येथें लाविला, व आजचीं लहानमोठीं सर्व जनित्रें याच नियमावर चालतात. आपल्या घरची वीज एका सेकंदांत ५० वेळां आपलें चक्र पुरें करते. दोन ध्रुवांच्या लहान जनित्रास तितकीं चक्रें देण्यासाठीं मिनिटास ३,००० फेरे घ्यावे लागतात. म्हणूनच तें इतका गोंगाट करतें. मात्र बहुतेक साध्या जनित्रांत कायमचा लोहचुंबक बसविलेला नसतो. फिरणाऱ्या लोखंडांत मागच्या वेळचें जें किंचित् चुंबकत्व शिल्लक राहिलेलें असतें, त्याच्या बळावर पहिली थोडी वीज निघते. ती वेटोळ्यांतून फिरून चुंबकत्व वाढविते, आणि वाढलेलें चुंबकत्व अधिक वीज देतें. ही युक्ति जर्मनीचे वेर्नर सीमेन्स यांनीं १८६६-६७ च्या सुमारास पुढें आणिली. दुकानदाराच्या भांडवलासारखी ही शिल्लक आहे. ती अजिबात नाहींशी झाली तर इंजिन कितीही जोरानें फिरलें तरी दिवा लागत नाहीं. आणि ही शिल्लक दीर्घकाळ पडून राहिल्यानें उतरते, हें ध्यानांत ठेवावें. (इन्व्हर्टर पद्धतीच्या नव्या जनित्रांत कायमचे चुंबक असतात; त्यांस ही भीति नाहीं. त्यांचें इंजिन मात्र इतरांसारखेंच.)

परंतु पडून राहिल्याचा पहिला घाव इंजिनावर बसतो, व तो पेट्रोलाच्या वाटेनें. पेट्रोल हें तूप-तेलाप्रमाणें शिळें होतें, हें अनेकांस खरेंच वाटत नाहीं. त्यांतील जे हलके अंश लवकर पेट घेतात तेच आधीं उडून जातात. उरलेला भाग हवेशीं संयोग पावून त्यापासून डिंकासारखा चिकट साका बनतो. कार्बोरेटरमध्यें पेट्रोल ज्या छिद्रांतून वर येतें, त्यास कारागीर जेट म्हणतात. हें छिद्र सुईच्या अग्राएवढें. दोन-तीन महिने पेट्रोल तसेंच राहिलें कीं साका त्यांत बसतो, आणि इंजिनाचा घसाच धरला जातो. त्यांतून आपल्या देशांत आतां पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें, आणि कोंकणच्या पावसाळ्यांत ओलाव्यास तोटा नाहीं. पाणी पुरेसें झालें म्हणजे पाणी व इथेनॉल दोन्हीं मिळून पेट्रोलापासून वेगळीं होतात व टाकीच्या तळाशीं जमतात. आणि इंजिनाकडे जाणारी नळी तर तळांतूनच निघते! तेव्हां टाकी भरून ठेवली म्हणजे तयारी झाली, ही समजूत अगदीं उलट आहे. आमचें सांगणें असें कीं, महिनाभरांत वापरावयाचें नसेल तें पेट्रोल जनित्राच्या टाकींत ठेवूंच नये. काढून स्कूटरमध्यें ओतावें, तेथें तें कारणीं लागेल.

याशिवाय लहानसान शत्रू आहेत. कुंभारमाशी सायलेन्सरच्या तोंडांत किंवा हवेच्या वाटेंत मातीचें घर बांधते. उंदीर आच्छादनाखालीं चिंध्यांचें बिऱ्हाड थाटतो व जातांना वायरी कुरतडून जातो. खाऱ्या हवेनें स्क्रू गंजतात. ज्यांस विजेचा स्टार्टर असतो त्यांची बॅटरी उतरून जाते, आणि यंत्र न सुरू होण्याचें तेंच कारण निघतें.

या सर्वांवर एकच उपाय सांगावयाचा तर, महिन्यांतून एक दिवस यंत्र चालवावें. पंधरा-वीस मिनिटें पुरेत. पण रिकामें चालवूं नये. दोन पंखे, चार दिवे जोडून चालवावें. ओझ्याखालीं इंजिन चांगलें तापतें, तेलांत शिरलेला ओलावा उडून जातो, वेटोळीं सुकतात, आणि चुंबकत्वाची शिल्लकही ताजी होते. ज्या घरीं महिन्याच्या पहिल्या रविवारीं हें काम एखाद्या मोठ्या मुलाकडे, वडिलांच्या देखरेखीखालीं, सोंपविलेलें असतें, तेथें वादळाच्या रात्रीं फजिती होत नाहीं.

सुरू करण्यापूर्वीं इंजिनांतील तेल पाहावें, आणि तें यंत्र सपाट जागीं ठेवूनच पाहावें. तेल कमी झालें असतां ठिणगी आपोआप बंद करणारी एक सोय आजकालच्या बहुतेक यंत्रांत असते. ती चांगलीच; पण यंत्र उताराच्या जागीं ठेवलें तर तेल पुरेसें असूनही ती फसते, व मालक उगाच प्लग बदलीत बसतो. नव्या यंत्राचें तेल पहिल्या २० तासांनीं व नंतर दर १०० तासांनीं किंवा सहा महिन्यांनीं बदलावें असें सामान्यतः पुस्तिकांत सांगितलेलें असतें. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेंत निराळें असेल तर तें प्रमाण मानावें. १०० तास पुष्कळ वाटतात. पण वादळानंतर रोज आठ तास यंत्र चाललें तर तेराव्या दिवशीं ते भरतात. म्हणून तेलाचा एक डबा घरांत अगोदर असावा. तेव्हां दुकानें उघडीं असतीलच असें नाहीं.

आतां यंत्र सुरूच होत नसेल तर काय करावें? गोंधळून सगळींच झांकणें एकदम उघडूं नयेत. इंजिनास तीन वस्तू लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. यांपैकीं काय मिळत नाहीं हें क्रमानें शोधावें. टाकींत ताजें पेट्रोल आहे काय, कॉक उघडा आहे काय, इंजिनाचें बटण चालू बाजूस आहे काय, आणि थंड इंजिनास चोक दिला आहे काय, एवढें आधीं पाहावें. हें सांगणें पोरकट वाटेल. तथापि दुरुस्तीस आलेल्या यंत्रांत कॉक न उघडलेलीं यंत्रें असतात, असें कोणताही मेकॅनिक हसत हसत सांगेल. त्यानंतर कार्बोरेटरच्या वाटीखालचा लहान स्क्रू, भांडें धरून, सैल करावा. पेट्रोल धारेनें आलें तर तेथपर्यंतची वाट मोकळी आहे. थेंबही आला नाहीं तर टाकीच्या तळची जाळी किंवा कॉक तुंबला आहे. आलेल्या पेट्रोलाच्या तळाशीं पाण्याचे टपोरे थेंब दिसले, किंवा त्यास जुन्या रंगासारखा उग्र आंबूस वास आला, तर निदान झालेंच. जुनें सगळें काढून टाकावें, ताजें भरावें, आणि पुन्हां दोरी ओढून पाहावी.

वर सांगितलेल्या घरांपैकीं एका घरीं नेमकें असेंच निघालें. वाटींतलें पेट्रोल पिवळट तपकिरी झालें होतें व तळाशीं मधासारखा थर बसला होता. ताजें पेट्रोल घातलें तरी इंजिन केवळ चोक दिलेला असतां दोन क्षण भडके व मरे. याचा अर्थ असा कीं, जेटमधून पेट्रोल पुरेसें येत नव्हतें. चोकनें हवा रोखली म्हणजे तेवढ्यापुरतें तें ओढलें जाई. अखेर कार्बोरेटर उतरवून कार्बोरेटर साफ करण्याच्या द्रावणानें धुतला, जेटमधून सायकलच्या पंपानें हवा मारली, आणि त्यांतून पलीकडचा उजेड दिसूं लागला तेव्हां यंत्र दुसऱ्या ओढीस सुरू झालें. येथें एक सूचना: जेटमध्यें पोलादी तार किंवा सुई घालूं नये. पितळ मऊ असतें. छिद्र केंसभर मोठें झालें तरी इंजिन कायमचें पेट्रोल अधिक खाऊं लागतें.

पेट्रोल ठीक असेल तर ठिणगी पाहावी. प्लग काढून पुसावा. काळी काजळी साचली असेल तर मऊ ब्रशानें घासावी. ओला असेल तर इंजिनांत पेट्रोल फार गेलें असें समजून प्लग वाळवावा व दहा मिनिटें थांबावें. टोकांमधील अंतर बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतें. मग प्लग त्याच्या टोपींत बसवून, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूस टेकवून दोरी ओढावी; निळी टणक ठिणगी दिसली पाहिजे. ही परीक्षा सांडलेल्या पेट्रोलाजवळ किंवा प्लगच्या उघड्या भोंकाजवळ कधींही करूं नये, व विद्यार्थ्यांनीं ती एकट्यानें तर मुळींच करूं नये. नवा प्लग थोड्या पैशांत मिळतो. शंका असल्यास बदलून टाकणें शहाणपणाचें. हवेविषयीं फारसें सांगावयास नको. गाळणीचा स्पंज साबणाच्या पाण्यांत धुवून, पुरता वाळवून, पुस्तिकेंत सांगितलें असेल तर किंचित् तेल लावून बसवावा.

कांहीं यंत्रें सुरू होतात, पांच-दहा मिनिटें उत्तम चालतात, आणि मग मान टाकतात. थोड्या वेळानें पुन्हां सुरू होतात. हा खेळ वारंवार होऊं लागला तर टाकीच्या झांकणाकडे पाहावें. त्या झांकणांत हवा आंत येण्यास एक बारीक वाट असते. ती बुजली म्हणजे पेट्रोल खालीं उतरत जातां टाकींत निर्वात उत्पन्न होतो, व पेट्रोल यावयाचें थांबतें. झांकण जरा सैल केल्याबरोबर यंत्र नीट चालूं लागलें तर चोर सांपडला. इंजिनाचा आवाज चढ-उतार करीत राहिला तर जेट अर्धवट तुंबलेला असण्याचा संभव फार. धूर काळा येईल तर गाळणी घाण झाली आहे किंवा चोक तसाच राहिला आहे. निळसर येईल तर तेल जळत आहे, आणि तें बहुधा जास्त तेल भरल्यामुळें.

इंजिन छान चालत आहे, पण दिवा नाहीं, असेंही होतें. आधीं यंत्रावरील ब्रेकर पडला आहे काय तें पाहावें. दहांत पुष्कळदां तेवढेंच असतें. तें नसेल तर कंडेन्सर, कार्बनचे ब्रश, किंवा वर सांगितलेली चुंबकत्वाची शिल्लक यांपैकीं कांहीं तरी गेलें आहे. बॅटरी लावून तें चुंबकत्व परत आणतां येतें. परंतु येथें आपला हात थांबवावा व जाणत्या वायरमनास बोलवावें. यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्यें वीज साठून राहते व ती जबर धक्का देते.

जनित्रावर किती ओझें घालावें याचा हिशेब सातवीच्या मुलासही करतां येईल. समजा, यंत्र १,६०० वॅटचें आहे. नऊ वॅटचे सहा दिवे ५४, पंचाहत्तर वॅटचे तीन पंखे २२५, दूरचित्रवाणी ८०, फ्रीज १५०, बेरीज ५०९. हें सुखानें चालेल. पण फ्रीज आणि पंप सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या कित्येक पट वीज ओढतात. एक अश्वशक्तीचा पंप चालतांना सुमारें १,००० वॅट घेतो. सुरू होतांना यंत्राचें कंबरडें मोडतो. तो एकटाच, इतर सर्व बंद करून लावून पाहावा, आणि दोन-तीन सेकंदांत फिरूं लागला नाहीं तर ताबडतोब बंद करावा. गीझर व इस्त्री यांचें नांवच काढूं नये.

येथवर यंत्राच्या हानीविषयीं झालें. आतां जें सांगावयाचें तें माणसांच्या जिवाविषयीं आहे, म्हणून पालकांनीं तें घरांतील सर्वांस मोठ्यानें वाचून दाखवावें. पाऊस धो धो पडत आहे, यंत्र भिजेल, चोरी होईल, म्हणून लोक तें पडवींत, जिन्याखालीं, किंवा खिडकी उघडी ठेवून मागच्या खोलींत चालवितात. इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील जो पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. अर्थात् श्वास चालू असून शरीर गुदमरतें. डोकें दुखणें, मळमळ, भोंवळ, अंगांत त्राण नसणें, एवढींच लक्षणें. आणि झोंपलेल्या मनुष्यास तींही कळत नाहींत. खिडकी उघडी असणें हा यावर उपाय नव्हे. यंत्र घराबाहेर, दारें-खिडक्यांपासून निदान २० फूट दूर, धुराचें तोंड घराच्या उलट दिशेस करून ठेवावें. पावसासाठीं वर पत्र्याचें छप्पर करावें, पण बाजू मोकळ्या असाव्या. घरांत एकाहून अधिक माणसांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें तर चहा-सुंठ करीत न बसतां सर्वांनीं उघड्यावर यावें, व रोग्यास दवाखान्यांत न्यावें. पेट्रोल भरतांना यंत्र बंद करून निवूं द्यावें. तापलेल्या सायलेन्सरवर पडलेलें पेट्रोल क्षणांत पेटतें.

दुसरा धोका आपणांस नव्हे, खांबावर चढलेल्या माणसास. दोन्ही टोकांस पिन लावलेली वायर घेऊन, एक टोक जनित्रांत व दुसरें घरच्या सॉकेटमध्यें खोंवण्याची एक घातक रीत कोठें कोठें दिसते. त्यामुळें आपली वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. गांवाचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टची वीज उतरवून आपणांस देतो. उलट दिशेनें तोच तिला चढवितो. मेलेली समजून वायरमनानें हात लाविलेली तार अशा रीतीनें जिवंत होते. पावसांत भिजत जो मनुष्य आपल्याच घरीं वीज यावी म्हणून झटत असतो, त्याच्या मृत्यूस आपण कारण व्हावें, यापेक्षां कंदिलाच्या उजेडांत बसलेलें पुष्कळ बरें. घरास चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो फेज व न्यूट्रल दोन्ही बदलणारा असावा, म्हणजे घर एकतर बाहेरच्या विजेवर असेल किंवा जनित्रावर. दोहोंवर कधींच नाहीं. तो परवानाधारक वायरमनाकडूनच बसवावा, आणि जनित्रास अर्थिंग आहे याची खात्री त्याच वेळीं करून घ्यावी. तें होईपर्यंत फ्रीज व दिवे जनित्राच्याच सॉकेटमधून स्वतंत्र जाड वायरीनें जोडावे.

बाहेरची वीज परत आली हें कळण्यासाठीं मीटरजवळ, चेंजओव्हर स्विचच्या अलीकडे, एक लहान निर्देशक दिवा लावून घ्यावा. तो लागला म्हणजे घाई करूं नये; नव्यानें आलेली वीज पुष्कळदां दोन-चार वेळां जाते. पंधरा मिनिटें तो स्थिर राहिला कीं एकेक उपकरण बंद करावें, स्विच फिरवावा, आणि जनित्र दोन-तीन मिनिटें रिकामें चालूं देऊन निवूं द्यावें. नंतर बटण न दाबतां पेट्रोलचा कॉक बंद करावा, व कार्बोरेटरमधलें उरलेलें पेट्रोल जळून इंजिन आपोआप थांबेपर्यंत तेथेंच उभें राहावें.